वायफाय कनेक्टेड दाखवतं पण नेट नाही, आणि दर गुरुवारी हेच: आमच्या घरी शेवटी काय सापडलं

जून ते ऑगस्ट, सलग अडीच महिने आमच्या घरी हा प्रॉब्लेम होता, आणि तो गेल्यावर लिहायला घेतोय कारण माझ्या ओळखीत किमान दोन घरांत हेच चालू आहे आणि तिथेही नेटवाल्यांचा माणूस येतो, डबा बंद करून चालू करतो, नेट येतं, तक्रार बंद होते, आणि आठ दिवसांनी परत तेच.

आधी घरातली मांडणी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चिंचवडला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट. फायबरची वायर हॉलमध्ये दाराजवळ येते, तिथे नेटवाल्यांनी दिलेला पांढरा डबा आहे, मोडेम आणि वायफाय राउटर एकातच. मागच्या बेडरूमला त्याची रेंज पोचत नाही, मधे दोन भिंती आणि बाथरूम येतं. म्हणून आधीच्या कनेक्शनच्या वेळचा एक जुना राउटर मी तिथे ठेवलाय आणि हॉलमधल्या डब्यापासून त्याच्यापर्यंत लॅनची केबल ओढलीये. बाबांचा टीव्ही त्याच जुन्या राउटरला वायरने जोडलेला. दोन्हीकडे वायफायचं नाव एक, पासवर्ड एक. दोन वर्षं हे सगळं एकदम नीट चालू होतं.

मग जूनमध्ये सुरू झालं. बाबांच्या टीव्हीवर गोल चक्र फिरत राहायचं. बायकोच्या लॅपटॉपवर वायफायच्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह, कनेक्टेड आहे पण इंटरनेट नाही. त्याच वेळी माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित! एकाच घरात, एकाच वायफायवर, एकाला नेट आहे आणि एकाला नाही, हे बघून मला वाटलं लॅपटॉप बिघडला. लॅपटॉपचं वायफायचं ड्रायव्हर काढून परत टाकलं, फॉरगेट करून परत जोडलं, कधी चालायचं कधी नाही. दोन दिवसांनी लॅपटॉप ठीक आणि माझाच फोन अडकलेला.

नेटवाल्यांकडे तीन वेळा तक्रार केली. एकदा आलेल्या मुलाने मीटर लावून फायबरचा सिग्नल बघितला, उणे २१ आला, म्हणजे चांगलाच होता (साधारण उणे २७ च्या खाली गेला की काळजी करायची). त्याने पॅचकॉर्ड (डब्याला जोडणारी छोटी फायबर वायर) बदलली, डबा बंद-चालू केला, सगळं सुरू झालं, तो गेला. त्या मुलाची चूक मी म्हणणार नाही, त्याच्याकडे दिवसाला किती घरं असतात ते मी बघितलंय आणि त्याच्या लाइनमध्ये खरंच काही बिघाड नव्हता.

मी स्वतःही वायफायचं चॅनल बदलून बघितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर वीसेक नेटवर्क दिसतात आणि तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यामुळे गर्दी आहेच. पण गर्दी असली की नेट हळू होतं, अडखळतं. इथे तसं नव्हतं. ज्याला नेट नाही त्याला अजिबातच नाही. हा फरक मी तेव्हाच धरायला हवा होता, महिना वाचला असता.

धागा मिळाला तो आईच्या बोलण्यात. ती सहज म्हणाली, "लाइट जाऊन आली की हे होतं बघ, गुरुवारी तर हमखास." आमच्याकडे महावितरणचं मेंटेनन्सचं काम बहुतेक गुरुवारी असतं, सकाळी लाइट जाते ती दुपारी येते. मी दोन गुरुवार नीट लक्ष ठेवलं आणि आई म्हणते ते शंभर टक्के खरं निघालं. लाइट येते, दोन्ही डबे चालू होतात, आणि घरातली निम्मी डिव्हाइस अडकतात.

मग ज्या फोनला नेट नव्हतं त्याचं आणि ज्याला होतं त्याचं वायफायचं पान शेजारी ठेवून बघितलं. सेटिंगमध्ये वायफायवर जाऊन आपल्या नेटवर्कच्या नावापुढच्या चक्रावर दाबलं की खाली आयपी अ‍ॅड्रेस आणि गेटवे दिसतो, आयफोनवर गेटवेच्या जागी राउटर असं लिहिलेलं असतं. चालणाऱ्या फोनचा गेटवे १९२.१६८.१.१, म्हणजे हॉलमधला पांढरा डबा. अडकलेल्याचा गेटवे १९२.१६८.०.१.

हा ०.१ आला कुठून? तो जुन्या राउटरचा कंपनीतून येतानाचा पत्ता. आणि तो मी दोन वर्षांपूर्वीच बदलला होता!

इथे दोन मिनिटं थांबून आत काय होतं ते सांगतो. कुठलंही डिव्हाइस वायफायला जोडलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, मला पत्ता कोण देणार. घरातला एक राउटर उत्तर देतो, हा घे तुझा नंबर आणि बाहेर जायचा दरवाजा म्हणजे गेटवे हा. या पत्ते वाटायच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. घरात हे काम एकानेच करायचं असतं. दोघं वाटायला बसले तर डिव्हाइस बहुतेक वेळा आधी आलेलं उत्तर धरतं. आता आमच्या जुन्या राउटरला बाहेरची लाइनच नाही, तो नुसता रेंज वाढवायला ठेवलेला. तो सांगणार, माझ्याकडून बाहेर जा, आणि त्याच्याकडे बाहेर जायला वाटच नाही. त्यामुळे वायफाय कनेक्टेड, पत्ता मिळालाय, काड्या फुल, आणि नेट शून्य.

गुरुवारचं कोडंही इथेच सुटतं. लाइट आल्यावर जुना राउटर अर्ध्या मिनिटात उठतो. फायबरच्या डब्याला पूर्ण तयार व्हायला आमच्याकडे अडीच-तीन मिनिटं लागतात, आणि मी घड्याळ लावून बघितलं तर त्याचं वायफाय आधी दिसायला लागतं, पत्ते वाटायचं काम त्यानंतर काही सेकंदांनी सुरू होतं. तेवढ्या वेळात जुना राउटर केबलमधून उत्तर देऊन मोकळा. नेटवाल्यांचा मुलगा फक्त हॉलमधला डबा बंद-चालू करायचा, डिव्हाइस परत नव्याने पत्ता मागायची आणि त्यातल्या बऱ्याच जणांना या खेपेला बरोबर पत्ता मिळायचा, म्हणून रिपेअर झाल्यासारखं वाटायचं. आणि बाबांचा टीव्ही थेट जुन्या राउटरलाच जोडलेला, म्हणून तो सगळ्यात जास्त वेळा अडकायचा.

पण दोन वर्षं चाललेलं जूनमध्ये का बिघडलं? घरात विचारल्यावर कळलं. मे अखेरीला मी गावाला होतो तेव्हा एका रात्री नेट गेलं होतं, बाबांनी हेल्पलाइनला फोन लावला, तिकडच्या माणसाने सांगितलं राउटर रिसेट करा, मागे बारीक भोक असतं त्यात पिन घालून दहा सेकंद दाबा. बाबांनी सांगितल्याप्रमाणे बरोबर केलं, फक्त बेडरूममधल्या राउटरवर केलं. तिकडच्या माणसाला घरात दोन राउटर आहेत हे माहीतच नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. लाइन दोन तासांनी आपोआप आली, सगळ्यांना वाटलं रिसेटने आली.

रीस्टार्ट आणि रिसेट हे दोन शब्द लोक, हेल्पलाइनवालेसुद्धा, एकाच अर्थाने वापरतात आणि खरा घोळ तिथे आहे. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद-चालू, सेटिंग जागेवर राहतात. पिन घालून दाबलं की राउटर पहिल्या दिवसासारखा कोरा होतो, तुम्ही केलेलं सगळं पुसलं जातं, नाव, पासवर्ड, बंद केलेलं डीएचसीपी, सगळं.

आणि आता मला ज्याने खरंच घाम फुटला ते. कोरा झाल्यावर त्या जुन्या मॉडेलचं वायफाय बिनपासवर्डचं चालू होतं. अडीच महिने आमच्या बेडरूममधून कंपनीच्या नावाचं उघडं वायफाय बाहेर जात होतं. ते नाव मी यादीत रोज बघत होतो आणि कुणा शेजाऱ्याचं असेल म्हणून सोडून देत होतो. बेडरूममध्ये रेंज कमी झालीये हेही जाणवत होतं, तेही पावसावर ढकललं. त्या वायफायवर नेट मिळत नसलं तरी ते केबलने आमच्या घरच्या नेटवर्कालाच जोडलेलं होतं, म्हणजे जिन्यात उभा राहिलेला कोणीही आमच्या घरच्या कॅमेऱ्यापर्यंत, प्रिंटरपर्यंत पोचू शकत होता, आणि आमच्या १९२.१६८.१ मधला एखादा पत्ता आणि गेटवे १.१ हाताने टाकला तर आमचं नेटही वापरू शकत होता. शिवाय त्या राउटरच्या सेटिंगचं लॉगिन परत अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. आत शिरून कोणी गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलला असता तर आमची डिव्हाइस बँकेचं नाव टाकून भलत्याच पानावर जाऊ शकली असती.

जोडलेल्या डिव्हाइसची यादी काढली तर सुरुवातीला चार अनोळखी दिसली. त्यातली तीन आमचीच निघाली. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनवलेला, डिव्हाइसची ओळख सांगणारा मॅक अ‍ॅड्रेस वापरतात, त्यामुळे आपलाच फोन परका वाटतो, तेव्हा यादी बघून लगेच कुणावर संशय घेऊ नका, एकेक फोनचं वायफाय बंद करून यादीतून कोण जातंय ते बघा. चौथं मात्र आमच्या घरात कोणाकडेच नसलेल्या मॉडेलचं होतं. कोणाचं ते शोधत बसलो नाही, रात्रीच दार बंद केलं.

कुणाला हे फार वाटत असेल तर २००८ सालचं आठवा, अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी पाठवलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात पोचले होते, ईमेल तिथल्या उघड्या वायफायवरून गेलेला. त्या घरात राहणाऱ्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला कनेक्शन कोणाच्या नावावर आहे एवढंच दिसतं.

आता काय केलं ते क्रमाने, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, दोन राउटरमधली केबल काढली. काढल्या काढल्या प्रॉब्लेम थांबला तर निदान पक्कं. आम्ही एक अख्खा गुरुवार केबल काढून ठेवली, बेडरूममध्ये नेट नव्हतं पण बाकी एकही डिव्हाइस अडकलं नाही.

मग लॅपटॉप वायरने फक्त जुन्या राउटरला जोडला, वायफाय बंद ठेवून. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून (आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे) आत गेलो. इथे बहुतेक जण आधी डीएचसीपी बंद करतात आणि मग लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, राउटरच्या पानावर परत जाता येत नाही, शेवटी पुन्हा पिन घालून रिसेट. म्हणून आधी लॅन सेटिंगमध्ये जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. सेव्ह केल्यावर पान लटकतं, घाबरायचं नाही, राउटर परत उठला की १.२ टाकून आत जायचं. त्यानंतर वायफायचं नाव, पासवर्ड, अ‍ॅडमिन पासवर्ड, सगळं भरलं. आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद.

हॉलमधल्या डब्यात जाऊन पत्ते वाटायची सुरुवात १.२० पासून केली, नाहीतर तो कधीतरी १.२ हाच पत्ता एखाद्या फोनला देऊन टाकायचा आणि मग नवीनच भांडण.

केबल जुन्या राउटरच्या लॅनच्या पोर्टात घातली. वॅनच्या म्हणजे बाहेरची लाइन घ्यायच्या, वेगळ्या रंगाच्या पोर्टात घातली तरी नेट चालतं, त्यात डीएचसीपी बंद करायचीही गरज नसते, मग हा उद्योग कशाला असं कोणी विचारेल. पण तेव्हा बेडरूमचं नेटवर्क वेगळं पडतं, बाबांच्या टीव्हीवर हॉलमधून फोटो टाकायला गेलं तर टीव्ही सापडत नाही, प्रिंटरचंही तेच. तुमचा दुसरा राउटर जरा नवा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड म्हणून काहीतरी असतं, तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट निवडलं की वरचं बहुतेक सगळं तो स्वतःच करतो. असेल तर तेच करा. आमच्या मॉडेलला ती सोय नव्हती.

चॅनल हॉलमध्ये १ आणि बेडरूममध्ये ११ ठेवलं, दोन्हीकडे रुंदी २० मेगाहर्ट्झ.

पासवर्डबद्दल थोडं जास्त लिहितो कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत वायफायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर, आमचाही तोच होता. दहा आकडे आहेत म्हणून मोठा वाटतो. पण आपला मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी पर्याय. डब्ल्यूपीए२ मध्ये (ही वायफायच्या सुरक्षेची एक पद्धत) फोन राउटरला जोडताना दोघांची जी देवाणघेवाण होते ती एकदा टिपली की पुढचं अंदाज लावायचं काम घरी बसून करता येतं, आणि चांगल्या ग्राफिक कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या वर पासवर्ड तपासून होतात. ४०० कोटींना मग तास-सव्वा तास. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तर एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, मधे एखादा आकडा. पाहुण्यांना सांगायला सोपा, आईलाही पाठ झाला. देवाची नावं, मुलांची नावं आणि जन्मसाल नको, बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ती माहीत असतात.

सिक्युरिटीच्या जागी हॉलमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवलं, बेडरूमच्या जुन्याला ३ येतच नाही म्हणून तिथे डब्ल्यूपीए२ आणि एईएस. टीकेआयपी दिसलं तर निवडू नका, ते जुनं आणि कच्चं आहे.

डब्ल्यूपीएस दोन्हीकडे बंद. बटण दाबून पासवर्ड न टाकता जोडायची ही सोय आहे, पण त्यात आठ आकडी पिनही असतो आणि राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय. काही नवीन राउटर चुकीचे प्रयत्न झाले की थांबतात, पण जुन्यावर भरवसा ठेवू नका. डब्ल्यूपीएस चालू असेल तर वर सांगितलेला लांब पासवर्डही फुकट जातो.

बाहेरून राउटरच्या पानावर येऊ देणारं रिमोट मॅनेजमेंट बंद आहे ना तेही बघून घ्या.

दारावरचा कॅमेरा आणि दोन स्मार्ट बल्ब हॉलच्या डब्याच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं, घरच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवलेलं वायफाय) टाकले. अशी स्वस्तातली उपकरणं फार अपडेट होत नाहीत, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर कंपनीच्या ठरलेल्या पासवर्डने उघडून लाखोंनी ताब्यात घेतले होते. गेस्ट फक्त मुख्य डब्यावरच करा. जुन्या राउटरवर, डीएचसीपी बंद असताना, गेस्टला आलेला माणूस बऱ्याचदा घरच्याच नेटवर्कात सोडला जातो, मग वेगळं ठेवायचा काही उपयोग नाही.

जुन्या राउटरला कंपनीकडून आता फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट येत नाहीत, तेव्हा दिवाळीच्या सुमाराला तो बदलायचा ठरवलंय. तोपर्यंत पासवर्ड आणि बाकीचं धरून चालवतोय, बेफिकीर नाही.

अजून एक बारीक गोष्ट, तुमच्याकडे लक्षणं थोडी वेगळी असतील तर. अडकलेल्या फोनचा किंवा लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही, म्हणजे दोन डीएचसीपी हा आजार नव्हे, उलट एकही नाही. तेव्हा केबल किंवा मुख्य डबा बघा. आणि गेटवे बरोबर असूनही नेट नसेल, फायबरच्या डब्यावर LOS (लॉस) लिहिलेला लाल दिवा पेटला असेल, तर बिघाड बाहेर आहे, नेटवाल्यांनाच बोलवा. लॅपटॉपवर बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग टाइप केला की डिफॉल्ट गेटवे दिसतो.

जमत असेल तर दोन्ही डब्यांना छोटा मिनी यूपीएस घ्या, पण आधी हे सगळं निस्तरून मग. आधी घेतला असता तर आमच्याकडे गुरुवारचा प्रॉब्लेम दिसेनासा झाला असता आणि उघडं वायफाय तसंच राहिलं असतं.

मी शेवटी दोन्ही डब्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय. हॉलमधल्यावर "१.१, नेटचा मुख्य". बेडरूममधल्यावर "१.२, फक्त रेंजसाठी, बंद-चालू चालेल, पिन घालू नये". त्या भोकावरही पट्टीचा तुकडा आहे. बाबांनी हेल्पलाइनचा नंबर जिथे लिहिलाय त्या कॅलेंडरच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय, "घरात दोन राउटर आहेत हे आधी सांगणे." त्यानंतर पाच गुरुवार झाले, लाइट चार वेळा गेली, टीव्ही चालू आहे.